वाचकांचे प्रश्न : ‘द ब्लड ऑफ डॉनवॉकर’मध्ये वेळ, रक्त आणि रात्र

वॉर्सातल्या रेबेल वुल्व्हज स्टुडिओच्या ‘द ब्लड ऑफ डॉनवॉकर’ या व्हिडिओ गेमचा सविस्तर गेमप्ले, म्हणजे प्रत्यक्ष खेळ, जून २०२५मध्ये पहिल्यांदा दाखवला गेला. प्रकाशक बांदाई नामको आहे आणि गेमसाठी २०२६ हे साल जाहीर झालं आहे. ‘द विचर ३’चे दिग्दर्शक कॉनराड तोमाश्केविच यांचाच हा नवा गेम, त्यामुळे वाचकांची उत्सुकता समजण्यासारखी आहे. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : गेममध्ये तीस दिवस-रात्रींची मुदत आहे म्हणतात. मी सावकाश खेळणारा, नकाशाचा कानाकोपरा पालथा घालणारा. हा गेम माझ्या कामाचा आहे का? (नाशिक)

अगदी आहे. मुदत ऐकून डोळ्यांसमोर टिकटिकणारं घड्याळ येतं, पण इथे तसं काही नाही. तुम्ही दरीत भटकता, गावातून चालता, वाटेत एखादी लढाई करता, तोवर दिवस पुढे सरकत नाही. क्वेस्टमधला, म्हणजे गेमनं नेमून दिलेल्या कामगिरीतला, एखादा टप्पा पार पाडला की मगच वेळ खर्च होतो, आणि कोणत्या कामाला वेळ लागणार याची खूण खेळाडूला आधीच दिसते. म्हणजे वेळ ही इथे मोजून खर्च करायची पुंजी आहे.

गोष्ट १३४७ सालची. कार्पेथियन डोंगरातल्या वेल सांगोरा या काल्पनिक दरीत प्लेगनं थैमान घातलंय आणि ब्रेन्सिस नावाच्या प्राचीन व्हॅम्पायरनं सगळी सत्ता बळकावली आहे. नायक कोएन दिवसा माणूस असतो, रात्री व्हॅम्पायर. घरच्यांना सोडवायला त्याच्या हातात तीस दिवस आणि तीस रात्री आहेत.

‘विचर’च्या सवयीनं खेळणाऱ्यांची गडबड नेमकी इथे होईल. तिथे आपण गावात शिरलो की पिवळी उद्गारचिन्हं दिसतील तेवढी कामं उचलत सुटायचो आणि मुख्य कथानक निवांत वाट बघत थांबायचं. इथे प्रत्येक साइड क्वेस्टची (मुख्य कथेबाहेरच्या कामाची) किंमत मुख्य कामाच्या वेळेतून वळती होणार. आमचा सल्ला असा : नव्या ठिकाणी गेल्यावर आधी लोकांशी बोलून घ्या, कोणतं काम किती वेळ खातं ते बघा आणि त्यातून बळ, हत्यार किंवा ब्रेन्सिसविरुद्ध मदत मिळणार असेल तेच हाती घ्या. एका फेरीत सगळं बघायचा हट्ट सोडावा लागेल. आमच्या मते या गेमची सगळ्यात धाडसी गोष्ट हीच आहे आणि ती शेवटपर्यंत टिकवायला हवी.

प्रश्न : एकच क्वेस्ट दिवसा केली काय नि रात्री केली काय, फरक फक्त उजेडाचाच ना? (कोल्हापूर)

नाही. दाखवलेल्या गेमप्लेत स्वार्टराव शहरातल्या कॅथीड्रलचा प्रसंग आहे, तो या दृष्टीनं नीट बघा. दिवसा कोएन माणसासारखा दारातून आत जातो, बोलतो, प्रसंगी तलवार काढतो, मंत्रविद्या वापरतो. रात्री तोच कोएन क्षणात एका जागेवरून दुसऱ्या जागी झेप घेतो, उभ्या भिंतीवर पायांनी चालत जातो आणि वरून आत शिरतो. लढायला नख्या येतात. वाट बदलते, भेटणारी माणसं बदलतात, त्यामुळे मिळणारी माहितीही बदलते.

म्हणून काम घेतानाच विचारायचं : इथे बोलून काम होणार आहे की घुसून? माहिती काढायची असेल तर दिवस, पहारा चुकवायचा असेल तर रात्र.

प्रश्न : कोएनला रक्त कमी पडलं तर काय होतं? नुसती ताकद घटते का? (मडगाव)

ताकदीपेक्षा मोठा धोका संभाषणात आहे. कोएन फार भुकेला असताना कुणाशी बोलायला गेलात तर भूक त्याच्यावर स्वार होते आणि समोरच्याचा गळा धरण्याची वेळ येऊ शकते. ते माणूस तुमच्या क्वेस्टसाठी महत्त्वाचं असलं तरी मेलं ते मेलं, पुढची गोष्ट त्याच्याशिवाय चालते.

तेव्हा रात्री कुणा महत्त्वाच्या व्यक्तीला भेटायच्या आधी रक्ताची पातळी बघायची सवय लावून घ्या. लढाई संपली की लगेच बोलायला धावायचं नाही, आधी शत्रूवर भूक भागवायची. आणि अशा भेटीआधी एक वेगळं सेव्ह (जिथून पुन्हा खेळता येईल अशी नोंद) ठेवा.

प्रश्न : तलवारबाजी कीबोर्ड-माऊसवर जमेल की कंट्रोलर घ्यावा? (पुणे)

दिवसाच्या लढाईत वार आणि अडवणूक या दोन्हींना दिशा आहे. शत्रूचा वार कोणत्या बाजूनं येतोय ते ओळखून त्याच बाजूला आडवं यायचं. अशा पद्धतीत माऊस थोडाच सरकवूनही दिशा देता येते, कंट्रोलरची स्टिक मात्र पूर्ण झुकवावी लागते. माऊसची सवय असेल तर फक्त एवढ्यासाठी कंट्रोलर घेऊ नका. खरी पंचाईत दोन-तीन जणांनी घेरल्यावर होते, कारण एकावर लक्ष ठेवताना पाठीमागचा वार दिसत नाही. पाठ भिंतीकडे ठेवा किंवा मागे सरकत सगळ्यांना एका रांगेत आणा.

प्रश्न : तोवर या जातीचा कोणता गेम खेळावा? (बेंगळुरू)

डॉनवॉकरची तयारी म्हणून एकच निवडायचा तर ‘व्हॅम्पायर’ (२०१८). स्टुडिओ फ्रान्सचा डोंटनोड. १९१८चं लंडन, स्पॅनिश फ्लूची साथ, आणि डॉक्टर जोनाथन रीड स्वतःच व्हॅम्पायर झालेला. शहरातल्या प्रत्येक नाव असलेल्या माणसाचं रक्त प्यायलं की भरघोस अनुभवगुण मिळतात. त्या माणसाची गुपितं जितकी उलगडाल आणि तो जितका निरोगी असेल तितकं त्याचं रक्त मोलाचं. म्हणजे आधी ओळख वाढवायची, औषध द्यायचं आणि मग मारायचं, असा भयंकर हिशोब गेम तुमच्यासमोर मांडतो. कुणालाच मारलं नाही तर शेवट सर्वांत चांगला मिळतो, पण तुमची लेव्हल शत्रूंच्या मागे राहते आणि बॉस, म्हणजे मोठे शत्रू, जड जातात.

कुणालाही न मारता खेळणाऱ्यांची फसगत बहुतेक झोपेपाशी होते. अनुभवगुण खर्च करायचे तर बिछान्यावर झोपावं लागतं, आणि प्रत्येक झोपेनंतर वस्तीत नवे आजार निघतात. जुना सर्दी-थकवा तसाच सोडला तर तो बळावतो आणि सगळ्या वस्तीची प्रकृती खालावते. म्हणून असं करा : गुण साठवत राहा, झोपण्याआधी वस्तीत एक फेरी मारून आजाऱ्यांना औषधं द्या, मग एकाच झोपेत बरेच गुण वापरा. औषध दिल्यावर थोडे गुणही मिळतात. उरलेली कसर हत्यार सुधारून भरून काढा, सुटे भाग विकून टाकू नका.

आणखी एक : इथे एकच ऑटोसेव्ह आहे. घेतलेला निर्णय मागे घेता येत नाही. पीसीवर खेळत असाल तर मोठ्या प्रसंगाआधी सेव्हचा फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवता येतो. लढाईचाच कंटाळा असेल तर नंतरच्या अपडेटमध्ये आलेला स्टोरी मोड निवडा.

प्रश्न : जुना ‘ब्लडलाइन्स’ विकत घेतला, पण नव्या पीसीवर सुरूच होत नाही. (ठाणे)

ट्रॉइका गेम्सचा हा व्हॅम्पायरांचा गेम २००४चा. आजच्या पीसीवर मूळ आवृत्ती अडून बसते, त्यावर चाहत्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेला अनऑफिशियल पॅच (दुरुस्तीची फाइल) हाच उपाय. गेम ‘प्रोग्रॅम फाइल्स’ऐवजी दुसऱ्या साध्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल करा, म्हणजे परवानग्यांची कटकट राहत नाही. मग पॅच त्याच फोल्डरवर चालवा. पहिल्या वेळी ‘बेसिक’ निवडा. ‘प्लस’मध्ये मूळ गेमच्या रचनेतही बदल आहेत, ते दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. पॅच टाकल्यावर नवीन गेम सुरू करा, जुनं सेव्ह पुढे रेटू नका.

तुमच्या व्हॅम्पायरचं कुळ निवडताना नोसफेराटू (विद्रूप) आणि माल्कव्हियन (वेडसर) पहिल्यांदा टाळा. नोसफेराटू रस्त्यावर लोकांना दिसला तरी व्हॅम्पायर असल्याचं गुपित फुटल्याचा ठपका बसतो, आणि असे पाच ठपके बसले की खेळ संपला. माल्कव्हियनची संभाषणं कथानक माहीत असल्यावरच नीट उलगडतात.

प्रश्न : मुलगा तेरा वर्षांचा आहे, डॉनवॉकर मागतोय. द्यावा का? (सोलापूर, एक आई)

ताई, देऊ नका. प्लेगची प्रेतं, गळ्याचे चावे आणि क्रूर दृश्यं आहेत. स्टीम (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) वापरत असाल तर त्यातल्या स्टीम फॅमिलीज या सोयीत मुलाचं खातं ‘मूल’ म्हणून जोडा. कोणते गेम दिसावेत आणि किती वेळ खेळावं हे दोन्ही तुम्हाला ठरवता येतं.

प्रश्न : या गेमसाठी आत्ताच नवा लॅपटॉप घेऊ का? (अमरावती)

घाई नको. गेम अनरियल इंजिन ५ या गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर बनतोय. या इंजिनच्या गेममध्ये नवा भाग लोड होताना किंवा शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होताना झटके बसण्याची तक्रार नेहमीची आहे, आणि निव्वळ महागडं ग्राफिक्स कार्ड घेऊन ती जात नाही. एसएसडी नसेल तर ती आधी टाका, रॅम १६ जीबीच्या खाली ठेवू नका. पहिल्यांदा गेम उघडल्यावर शेडर तयार होण्याची पट्टी दिसली तर ती पूर्ण होऊ द्या, मध्येच वगळू नका. फ्रेम (पडद्यावर दर सेकंदाला येणारी चित्रं) मोकळ्या सोडण्यापेक्षा ६०वर बांधल्या तर झटके कमी जाणवतात आणि लॅपटॉपही कमी तापतो.

लॅपटॉप घ्यायचाच झाला तर कार्डाच्या नावाबरोबर त्याला किती वॉट मिळतात ते विचारा. आरटीएक्स ४०६० एकाच नावानं ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंत मिळतं आणि दोन टोकांच्या वेगात मोठी तफावत असते. गेम आल्यावर स्टीमवर घेतलात तर पहिल्या दोन तासांत एखाद्या गर्दीच्या ठिकाणी जाऊन बघा. खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळून परत केला तर पैसे मिळतात.