जीएपीडीएचवर इतका भरवसा कशाला?

प्रिय दोस्ता,

तुझा क्यूपीसीआरचा (जनुकाचं आरएनए किती आहे ते मोजायच्या पद्धतीचा) आलेख पाहिला. कमी ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या पेशींत व्हीईजीएफ (नव्या रक्तवाहिन्या वाढवणारं जनुक) वाढलंय, पण अपेक्षेपेक्षा कमी, म्हणून प्रायमर (जनुक ओळखून त्याच्या प्रती काढायला लागणारा डीएनएचा छोटा तुकडा) बदलायचा तुझा विचार आहे. प्रायमर राहू दे. तू भागतोस कशाने, म्हणजे कुठलं संदर्भ जनुक स्थिर धरून त्याच्याशी तुलना करतोस, ते आधी बघ. तू जीएपीडीएच धरलंयस.

जीएपीडीएच हे ग्लायकोलिसिसमधलं एन्झाइम. ऑक्सिजन कमी पडला की पेशी ग्लायकोलिसिसवर भर देते, एचआयएफ-१ हे नियंत्रक प्रथिन त्या वाटेवरची जनुकं चढवतं, आणि बऱ्याच पेशींत जीएपीडीएचही त्यात येतं. समज, ते दुप्पट झालं. त्याचा सीटी (कितव्या चक्रात संकेत दिसतो तो आकडा; एक चक्र म्हणजे दुप्पट) एकाने उतरणार, आणि व्हीईजीएफ प्रत्यक्षात चौपट वाढलेलं असलं तरी डेल्टा-डेल्टा सीटीच्या (संदर्भ जनुकाचा सीटी वजा करून तुलना करायच्या) हिशेबात दुप्पटच निघणार. मापच फुगलं तर धान्य कमी भरणारच.

‘फ्रीजरमध्ये याचेच प्रायमर आहेत’ हे कारण प्रत्येक प्रयोगशाळेत ऐकू येतं. पण जनुक स्थिर आहे की नाही हे ऊती, औषध, ताण यांवर ठरतं. शेजारच्या बाकावर चाललेलं तुझ्याकडे चालेलच असं नाही.

संदर्भ जनुकासाठी आठ-दहा उमेदवार घे, जसे टीबीपी, बी२एम, एचपीआरटी१, वायडब्ल्यूएचएझेड, आरपीएलपी०. पण ती वेगवेगळ्या कामांतली हवीत, यावर मी अडून बसेन. २००२ साली गेंटच्या गटाने काढलेली जीनॉर्म पद्धत जनुकांची जोडीजोडीने गुणोत्तरं पाहते. दोन जनुकं हातात हात घालून वर गेली तर गुणोत्तर हलत नाही, आणि जीनॉर्म दोघांनाही स्थिर ठरवतं! म्हणून २००४ चं नॉर्मफाइंडरही चालव. ते गटातला आणि दोन गटांमधला फरक वेगवेगळा मोजतं. दोघांच्या क्रमवारीत मोठी तफावत आली तर तिथेच थांबून विचार कर.

जीनॉर्मचा व्ही २/३ हा आकडा (दोनाऐवजी तीन जनुकं घेतली तर हिशेब किती बदलतो ते) ०.१५ पेक्षा कमी आला तर दोन जनुकं पुरतात असं म्हणतात. मला तीन बरी वाटतात. त्यांची भूमितीय सरासरी घे, साधी नको.

१८एस (रायबोसोमचं आरएनए) मोहक वाटेल, पण नको. ते इतकं विपुल असतं की तुझ्या जनुकाशी त्याचा मेळ बसत नाही, शिवाय त्याला पॉली-ए शेपूट नाही आणि तुझं सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनए प्रत) ऑलिगो-डीटीने, म्हणजे त्या शेपटीलाच धरून, केलेलं आहे. अ‍ॅक्टिन आणि जीएपीडीएचची इंट्रॉन (आरएनएमधून कापले जाणारे जनुकातले तुकडे) नसलेली स्यूडोजीन्स (जनुकाच्या निकामी नकला) जीनोममध्ये भरपूर आहेत. तिथे इंट्रॉन ओलांडणारे प्रायमरही वाचवत नाहीत. म्हणून भेसळीचं डीएनए कापणारं डीएनेझ हवंच, आणि आरटी (सीडीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेला कंट्रोलही हवा. प्रत्येक प्रायमरची कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांत आहे ना, तेही पाहून घे. क्यूपीसीआरचे प्रयोग कसे मांडावेत हे सांगणाऱ्या २००९ च्या एमआयक्यूई मार्गदर्शक सूत्रांपासून परीक्षक हे सगळं विचारतात, आणि विचारायलाच हवं.

सॉफ्टवेअर उघडण्याआधी सगळ्या नमुन्यांत सारखंच आरएनए घेऊन उमेदवारांचे कच्चे सीटी मला पाठव. सरासरी काढू नकोस, प्लेटवरच्या तिन्ही विहिरींचे (एकाच नमुन्याच्या तीन खाचांचे) आकडे वेगळे असू देत.