वाचक विचारतात : पुस्तक भारी की पिक्चर?

प्रश्न : ताई, मी पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटला जॅपनीज शिकतेय. हारुकी मुराकामीची ‘नॉर्वेजियन वूड’ इंग्लिशमधून वाचली आणि वेडीच झाले, मग २०१० चा पिक्चर बघितला आणि पार हिरमोड झाला. नायकाची कॉलेजातली मैत्रीण मिदोरी नुसती येऊन जाते, सॅनिटोरियममध्ये भेटणारी रेको शेवटी अशी का वागते ते तर कळतच नाही. माझ्या मित्रानं पुस्तक वाचलेलं नाही, त्याला मात्र पिक्चर जाम आवडला. नक्की कुणाचं बरोबर?
– एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : अगं, रेकोबद्दल तुझं शंभर टक्के पटलं, त्यावर येतेच. पण आधी कादंबरी सुरू कुठं होते ते आठव. ३७ वर्षांचा नायक वातानाबे, विमान हॅम्बुर्गला उतरतंय, बीटल्सचं ते गाणं लागतं आणि त्याला एकदम भरून येतं. म्हणजे आपण वाचतो ते सगळं त्यानं इतक्या वर्षांनी आठवलेलं आहे, त्याचं जिच्यावर प्रेम होतं त्या नाओकोनं मला विसरू नकोस म्हणून सांगितलेलं आणि आता तिचा चेहरा डोळ्यांपुढं यायलाच वेळ लागतो, ही त्या पुस्तकाची खरी टोचणी. डिरेक्टर त्रान आन्ह हुंगनं हे हॅम्बुर्गच काढून टाकलं! मग पिक्चरमध्ये आठवण उरत नाही, सगळं आत्ता, समोर घडतं, आणि त्या वयातल्या पोरांना स्वतःला काय होतंय ते जसं सांगता येत नाही तसंच ते पडद्यावरही कुणी समजावून सांगत नाही. तुझ्या मित्राला हेच भिडलं असणार.

तो गवताळ माळावरचा सीन परत बघ. नाओको भराभर चालत बोलत सुटलीये, वातानाबे तिच्या मागं मागं, इकडून तिकडं, तिकडून इकडं, कॅमेरा सोबत चालतोय आणि मधे कट नाही. नाओको झालेल्या रिंको किकुचीचा आवाज कसा फाटत जातो बघ. पुस्तकात नाओको शांतपणे विरत जाते, इथं ती आपल्यासमोर तुटते, आणि मला तरी हे पुस्तकाइतकंच खरं वाटतं. जॉनी ग्रीनवुडचं म्युझिकही कुठं गोंजारत नाही.

आता रेको. (शेवट माहीत नसेल त्यांनी पुढचा पॅरा सोडा.)

कादंबरीत तिचा सगळा भूतकाळ आहे, पियानो, ती शिकायला येणारी मुलगी, मोडलेला संसार. शिवाय नाओको गेल्यावर रेको गिटारवर एकामागून एक गाणी वाजवते, ती आणि वातानाबे असा नाओकोला निरोप देतात, ते सगळं होऊन मग त्या दोघांची ती एकत्र घालवलेली रात्र येते. पिक्चरनं हा पायाच काढून घेतला आणि रात्र तेवढी ठेवली, मग ती उपरी वाटणारच. १३३ मिनिटांत सगळं बसत नाही हे मान्य, पण मग ती रात्रही कापायची होती असं माझं स्पष्ट मत. मिदोरीचंही तेच, तिच्या आजारी वडलांना वातानाबे काकडी खायला घालतो ती पानं वाचल्याशिवाय तो तिच्याकडं का ओढला जातो ते कळत नाही.

तर मित्राच्या हातात आता पुस्तक दे. आणि तू पिक्चर थोडे महिने जाऊ देऊन परत बघ, पण पुस्तक मांडीवर घेऊन टिकमार्क करत नको.

प्रश्न : माझ्या मैत्रिणीचा भाऊ आत्महत्येत गेला. तिला हा पिक्चर बघायचाय. बघू द्यावा का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : तिला आधी स्पष्ट सांगा की सुरुवातीलाच वातानाबेचा जवळचा मित्र किझुकी याची आत्महत्या दाखवलीये आणि पुढंही हाच विषय आहे. एवढं कळूनही तिला बघायचा असेल तर तुम्ही शेजारी बसा, नको वाटलं तर तिथंच बंद करा, आणि नंतर लगेच घरी जाऊ नका, तिला बोलायचं असेल तर बोलू द्या. जखम अजून ताजी असेल तर मी थांबा म्हणेन, पिक्चर कुठं पळून जात नाही. आणि तिची झोप-जेवण उडालं असेल किंवा तिच्याही मनात तसे विचार येत असतील तर पिक्चरचं राहू दे, सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, २४ तास चालू असतं, मराठीतही बोलता येतं.