पहिला पेपर जर्नलला पाठवताना काय तयारी करावी? आणि रिव्ह्यूअर म्हणेल ते सगळं मान्य करायचं असतं का?

पहिला भाग पटकन उरकतो, कारण लिहायला बसलोय तो दुसऱ्यासाठी.

जर्नल आधी ठरवा, पेपर त्याच्या बेताने लिहा. अलीकडचे अंक चाळा. तुमच्यासारखं काम तिथे छापतच नसतील, तर एडिटर रिव्ह्यूला, म्हणजे त्या विषयातल्या जाणकार रिव्ह्यूअरकडे तपासायला, न पाठवताच परत करतो, आणि ते योग्यच आहे. लेखकांसाठीच्या सूचना शब्दन्‌शब्द पाळा. डबल ब्लाइंड, म्हणजे लेखक आणि रिव्ह्यूअर यांना एकमेकांची नावं कळू न देणारी पद्धत, असेल तर पहिल्या पानावरचं नाव खोडून भागत नाही. वर्ड फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये नाव तसंच असतं आणि आभारात गाइड, कॉलेज सगळं उघडं पडतं. एकाच वेळी दोन जर्नलना पाठवायचं नाही. ‘आठवड्यात छापून देतो’ अशा मेलला उत्तरसुद्धा देऊ नका. यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य जर्नलची यादी, फेब्रुवारी २०२५मध्ये बंद केली, त्यामुळे ‘यादीत आहे ना, मग झालं’ हे आता चालत नाही. संपादक मंडळातली माणसं खरंच त्या विषयातली आहेत का, ते स्वतः शोधा.

आता रिव्ह्यूअर.

माझा विषय वनस्पतींचं वर्गीकरण. पीएचडीला कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट माळांवर, काम केलं. पावसाळ्यात सड्यावर पांढऱ्या गोंड्यांची जी फुलं पसरतात, ती गेंद, म्हणजे इरिओकॉलॉन. पेपरमध्ये त्यातल्या एका जातीची आमच्या जिल्ह्यातली नवी नोंद होती. दुसऱ्या रिव्ह्यूअरने लिहिलं की ही वेगळी जात नाहीच, सड्यावर माती पातळ म्हणून नेहमीचीच जात खुरटी राहिलेली आहे, नोंद वगळा. शेरा मेजर रिव्हिजनचा, म्हणजे मोठे बदल करून पुन्हा पाठवा.

शंका रास्त होती, कारण गेंद खरंच मातीप्रमाणे आणि पाण्याप्रमाणे लहानमोठा होतो. पण उंचीवरून जात ठरवलीच नव्हती मी. माझ्या गाइड सरांकडे गेलो. सर म्हणाले, “अरे, रिव्ह्यूअरशी वाद घालायचा नसतो. ती नोंद काढ, बाकीचा पेपर तरी वाचेल.” मी म्हटलं, सर, नोंद काढली तर पेपरात उरतं काय? त्यावर सरांनी चहा मागवला. विषय संपला, असा त्याचा अर्थ असतो.

इरिओकॉलॉनचं बी एक मिलिमीटरही नसतं. त्याच्या सालीवर पेशींच्या ओळी असतात आणि पेशींच्या भिंतींवरून हुकासारखे बारीक आकडे निघतात. ते कुठून निघतात, कसे दिसतात, यावरून जाती वेगळ्या काढता येतात, पण त्यासाठी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप लागतो. ओळखीने एका विद्यापीठात वेळ मिळाला. बी स्टबवर, म्हणजे धातूच्या छोट्या चकतीवर, चिकटवायचं, त्यावर सोन्याचा मुलामा चढवायचा, मग आत. नेहमीच्या जातीचं बी मी त्याच सड्यावरून, त्याच पातळ मातीतून घेतलं होतं. दोन्ही फोटो शेजारीशेजारी ठेवले आणि फरक सरळ दिसला. एकाच मातीत शेजारी वाढलेल्या दोन झाडांचं बी वेगळं असेल, तर मातीला दोष कसा देणार? शिवाय पुण्याला बीएसआयच्या (भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेच्या) हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, बसून नमुने चिकटवलेल्या जुन्या शीट ताडून घेतल्या.

उत्तर लिहिण्याची पद्धत मात्र शिकून घ्या. रिव्ह्यूअरचं प्रत्येक वाक्य जसंच्या तसं उतरवायचं, खाली आपलं म्हणणं, आणि बदल केला असेल तर ओळ क्रमांक. त्या मुद्द्याखाली माझं पहिलंच वाक्य होतं, ‘याच्याशी आम्ही सहमत नाही.’ त्याखाली फोटो, मापं, शीटचे क्रमांक. ‘आदरणीय रिव्ह्यूअरांच्या अमूल्य सूचनेबद्दल शतशः ऋणी’ वगैरे एक ओळसुद्धा नाही. एडिटरने ते तिसऱ्या रिव्ह्यूअरकडे पाठवलं आणि नोंदीसकट पेपर छापला.

सर अजूनही नव्या मुलांना सांगतात, रिव्ह्यूअर म्हणेल ते करा. सर, साफ चूक आहे हे. रिव्ह्यूअर सल्ला देतो, निर्णय एडिटरचा असतो. न पटलेलं निमूट मान्य केलं, तर पुढची वीस वर्षं ते तुमच्या नावावर राहतं, रिव्ह्यूअरच्या नाही. त्याचं तर नावही कुणाला कळत नाही.

आता जरा सांभाळून. त्याच रिव्ह्यूअरचे बाकीचे शेरे मी मुकाट मान्य केले. नकाशाला स्केल नव्हता आणि नमुने कुठल्या हर्बेरियममध्ये जमा केले त्याचा संकेत नव्हता. बरोबरच होतं त्याचं. दहातल्या आठ वेळा रिव्ह्यूअरचंच खरं असतं. शिवाय माझ्याकडे बी होतं, फोटो होता. तुमचा विषय इतिहास किंवा अर्थशास्त्र असेल तर वाद असा एका फोटोवर मिटणार नाही.

आणि गाइड सहलेखक असतील तर त्यांना बाजूला ठेवून एडिटरला परस्पर उत्तर पाठवू नका. पाठवण्याआधी सगळ्या लेखकांची लेखी संमती घ्या. सर शेवटी ‘कर तुला काय करायचं ते’ म्हणाले, तीच संमती मी मेलवर मागून घेतली. तुमचे गाइड नाहीच म्हणाले, तर आधी थीसिस जमा करा. २०२२च्या यूजीसी नियमांत त्यासाठी छापील पेपरची सक्ती राहिलेली नाही, पण विद्यापीठं आपापली अट ठेवू शकतात, तेव्हा तुमच्या विद्यापीठाचा ऑर्डिनन्स, म्हणजे पीएचडीची नियमावली, काढून वाचा.