वाजवून पोट भरेल का?

"मुलगा वाद्याच्या नादी लागला आहे, यातून त्याचे पोट भरेल का?" हा प्रश्न घेऊन बारावीच्या तोंडावर दरवर्षी कुणी ना कुणी पालक समुपदेशक म्हणून माझ्याकडे येतातच. त्यांपैकी एका कुटुंबाचा अनुभव त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे मांडत आहे.

वडिलांचा सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलचा कारखाना, यंत्रमाग सोळा. मुलगा बारावी शास्त्र शाखेत. गणपतीच्या लेझीम पथकात हलगी वाजवत तो मोठा झाला, शाळेच्या बँडमध्ये ड्रम त्याच्या गळ्यात आला, आणि आता त्याने घरात जाहीर केले होते की त्याला सिम्फनी ऑर्केस्ट्रात, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या मोठ्या वाद्यवृंदात, तालवादक आणि पुढे कंडक्टर, म्हणजे त्या वृंदाचा संचालक, व्हायचे आहे. वडील खुर्चीत टेकण्याआधीच म्हणाले, "मॅडम, अभ्यास सोडून ह्यो दिवसभर टेबल बडवायलाय. उद्या वरातीत वाजवत फिरला तर पेठेत मला लोक काय म्हणतील?"

या एका वाक्यात दोन भीती होत्या, एक मिळकतीची आणि दुसरी मानाची. बहुतेक घरांत या दोन्हींची गल्लत होते आणि मग हिशेबाने सुटणारा प्रश्नही भांडणाचा होतो. वरातीत वाजवणारी माणसे घाम गाळून पोट भरतात, त्यात कमीपणा कसला, हे मी वडिलांना स्पष्टपणे सांगितले आणि मानाचा विषय तात्पुरता बाजूला ठेवायला लावला.

मुलाशी मी एकट्याने बोलले. बोलताना त्याची बोटे गुडघ्यावर हलकेच पडत होती आणि मधूनच बराच वेळ थांबत होती. "थांबतोस का?" असे विचारल्यावर तो म्हणाला, "थांबत नाही मॅडम, मोजतोय." मग त्याने सांगितले की चेक संगीतकार ड्वोर्झाक यांच्या 1893 मध्ये न्यूयॉर्कला प्रथम सादर झालेल्या 'न्यू वर्ल्ड' सिम्फनीत झांज अवघी एकदाच, चौथ्या भागात वाजते, तीही फार जोरात नव्हे, आणि त्या एका आघातासाठी वादकाला आपल्या विरामांच्या मात्रा मनात मोजत बसावे लागते. आवड खरी आहे की टाळ्यांची ओढ आहे, हे तपासताना मी त्या व्यवसायातला कंटाळवाणा भाग मुलासमोर ठेवते. इथे तो भाग मुलाने स्वतःच माझ्यासमोर ठेवला होता. तरीही मी त्याला चार महिन्यांचे काम दिले: रोज पहाटे एक तास रबरी पॅडवर केवळ मूलभूत हातांचा सराव, पाश्चात्त्य स्वरलिपीचे वाचन, आणि आठवड्यातून एकदा छापील स्कोअर (सर्व वाद्यांची एकत्र स्वरलिपी) समोर ठेवून एखादी रचना आरंभापासून अखेरपर्यंत ऐकणे. अट एकच, अभ्यासाचे वेळापत्रक मोडायचे नाही.

दुसऱ्या बैठकीत त्याने मुंबईत वाढलेले जगप्रसिद्ध कंडक्टर झुबिन मेहता यांचे नाव काढले. मेहता यांनी वैद्यकीय शिक्षण सोडून 1954 मध्ये व्हिएन्ना गाठले हे खरेच आहे. पण त्यांचे वडील मेहली मेहता हे स्वतः व्हायोलिनवादक आणि बॉम्बे सिम्फनीचे संस्थापक होते, घरातच ऑर्केस्ट्रा होता, हेही तितकेच खरे आहे. मोठ्या माणसाचे उदाहरण अर्धे सांगितले की मुलाची दिशाभूल होते, असे माझे ठाम मत आहे. त्याला अधिक उपयोगी उदाहरण ब्रिटिश कंडक्टर सायमन रॅटल यांचे होते. लिव्हरपूलच्या या मुलाने किशोरवयात तिथल्या युवा ऑर्केस्ट्रात तालवाद्ये वाजवली, 1980 मध्ये तो बर्मिंगहॅमच्या ऑर्केस्ट्राचा प्रमुख झाला आणि 2002 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकचा. तालवादक सर्वांच्या मागे बसतो आणि त्याला विरामही भरपूर असतात, त्यामुळे सगळा वाद्यवृंद ऐकण्याची संधी त्याला मिळते. कंडक्टर होण्याची वाट मात्र एखाद्या वाद्यावरील प्रभुत्वातूनच जाते, ती पहिली नोकरी क्वचितच असते, हे मी त्याच्याकडून वहीत लिहून घेतले.

मग वडिलांसमोर हिशेब मांडला, काहीही न लपवता. भारतात पूर्णवेळ सिम्फनी ऑर्केस्ट्रा म्हटले की 2006 मध्ये मुंबईत एनसीपीएने (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) स्थापन केलेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचेच नाव पुढे येते, आणि कोणत्याही ऑर्केस्ट्रात तालवादकांच्या जागा मोजक्याच असतात. परदेशी शिक्षण खर्चिक आहे. पण तालवाद्याचे पक्के शिक्षण आणि स्वरलिपीचे ज्ञान असणाऱ्याला पोलीस आणि लष्करी बँड, शाळांतील संगीतशिक्षण, ध्वनिमुद्रण अशी कामे मिळू शकतात. पचमढी येथील लष्कराच्या संगीत केंद्रात तर वादकाचा बँडमास्टर घडवला जातो, म्हणजे वाजवणे आणि संचालन या दोन्ही गोष्टी तिथे एकाच नोकरीत येतात.

वडील बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी विचारले, "हा कंडक्टर स्वतः काहीच वाजवत नाही, मग करतो काय?" मुलगा म्हणाला, "पप्पा, सोळा मागांतला एक बिघडला की तुम्हाला दारातून कळतं ना, कोणता ते? तो तेच ऐकतो. फक्त माग साठ-सत्तर असतात." वडिलांनी मान हलवली आणि चार महिन्यांच्या कराराला होकार दिला.

चार महिन्यांत मुलाचे अकरा दिवस चुकले. ते त्याने स्वतः वहीत लाल शाईने नोंदवले होते. बारावीनंतर त्याने सोलापुरातच पदवीला प्रवेश घेतला आहे, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या तालवाद्याच्या परीक्षा तो टप्प्याटप्प्याने देतो आहे आणि महिन्यातून दोनदा सिद्धेश्वर एक्स्प्रेसने शिकण्यासाठी मुंबईला जातो. पदवी संपताना पुढचा निर्णय पुन्हा एकत्र बसून घ्यायचा, असे ठरले आहे. आईची काळजी अजून संपलेली नाही आणि ती संपावी असा आग्रह मीही धरलेला नाही. वडिलांनी कारखान्याच्या माडीवर त्याला एक खोली मोकळी करून दिली आहे. माग सकाळी सातला सुरू होतात, म्हणून त्याचा रियाज पाच ते सात.