शौर्यपदक भिंतीवर नाही, डब्यात आहे

प्रश्न : माझे पणजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. घरात त्यांची पाच पदकं आहेत. पिवळ्या धातूच्या दोन सहा टोकी चांदण्या आम्ही फ्रेम करून लावल्यात. तीन गोल पदकं डब्यात आहेत. एकावर ‘फॉर डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस’ असं कोरलंय. शौर्यपदक यातलं कोणतं? काळी पडलेली पदकं घासून घ्यावीत का?
— एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : भिंतीवरची नव्हेत. चांदण्या दिसायला झोकदार, म्हणून घरोघरी हेच होतं. पण ‘१९३९-४५ स्टार’ आणि ‘इटली स्टार’ ही मोहिमेची पदकं. त्या रणक्षेत्रात जो होता त्याला ती मिळाली, मग तो मशीनगनवर असो की लंगरात. इटली स्टारची फीत बघा, लाल-पांढरा-हिरवा, थेट इटलीच्या झेंड्याचे रंग. डब्यातल्या गोल पदकांपैकी दुतोंडी ड्रॅगनवर उभा सिंह असलेलं ‘वॉर मेडल’, हिंदुस्थानचा नकाशा असलेलं ‘इंडिया सर्व्हिस मेडल’. तीही सेवेचीच.

आता उरलं ते तिसरं. ते चांदीचं आहे आणि त्याचं नाव ‘इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल’. सैन्यात सगळे ‘आयडीएसएम’च म्हणतात. १९०७ साली सुरू झालं, १९४७ ला बंद झालं. व्हिक्टोरिया क्रॉस, मग इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट, मग हे, अशी शौर्यपदकांची उतरंड. इटलीतच याच रेजिमेंटच्या यशवंत घाडगे (जुलै १९४४) आणि नामदेव जाधव (एप्रिल १९४५) यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात. आयडीएसएमवाल्यांना घरचेसुद्धा विसरतात. मला याचा राग येतो, लिहूनच टाकतो.

घासायचं मुळीच नाही. चिंच नको, रांगोळी नको, पितळेची पावडर तर नकोच. पदकाच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण उमटवलेली असते; घासलं की पहिल्यांदा तीच जातात. भिंग घेऊन उजेडात पदक हळूहळू फिरवा आणि दिसेल ते कागदावर उतरवून घ्या.

मग ‘लंडन गॅझेट’, म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र, चाळा. जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. तिथे फक्त नाव असतं. नेमकं काय केलं ते कळतं शिफारसपत्रातून. ती लंडनमध्ये क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये ‘डब्ल्यूओ ३७३’ या मालिकेत आहेत आणि त्यांच्या संकेतस्थळावर शोधता येतात. कमांडिंग ऑफिसरने लिहिलेला मजकूर असतो तो : कुठली टेकडी, कुठली तारीख, कोण जखमी, कोणी बंकरवर चाल केली. आडनाव टाकून सापडलं नाही तर नंबरावरून बघा, कारण गोऱ्या साहेबांनी आपल्या नावांची स्पेलिंगं मनाला येतील तशी केली आहेत.