सासऱ्यांना भ्रम होतात, त्यांच्यावर गुन्हा दाखल झालाय. शिक्षा होईल का?

ताई, तुम्ही निफाडहून लिहिलंय: ७४ वर्षांच्या सासऱ्यांनी शेजाऱ्याला चोर समजून डोक्यात दांडा घातला, दोन वर्षांपासून भ्रम होतात, घरची माणसंही ओळखत नाहीत.

मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते, म्हणून आधी कडू तेच सांगते. नुसत्या वयावर कोणी सुटत नाही, नुसत्या आजारावरही नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम २२ (जुनं भादंवि ८४) एवढंच विचारतं: दांडा मारला त्या वेळी आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे कळण्याची कुवत मनोविकारामुळे गेली होती का? हे दाखवायचं ओझं आपल्यावर असतं. मात्र संशयातीत सिद्ध करावं लागत नाही, तसं असण्याची शक्यता जास्त आहे हे पटलं तरी पुरतं. म्हणून घटनेच्या आधीचे केस पेपर, गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळं शोधा. नंतर घाईनं आणलेल्या दाखल्याकडे कोर्ट तिरकं बघतं, आणि बघावंच. मारल्यावर ते पळाले, दांडा लपवला, की ओट्यावर बसून चहा मागितला? हेही बघितलं जातं.

याच्याशी गल्लत करू नका असा दुसरा प्रश्न: आज त्यांना खटला समजतो का? समजत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची (खटला कसा चालवायचा ते सांगणारा कायदा) कलमं ३६७ ते ३६९ लागतात. सिव्हिल सर्जनकडून तपासणी होते. भरती करायची गरज नसेल आणि जवळच्या दवाखान्यात नियमित ओपीडी उपचार देईन, कोणाला इजा होऊ देणार नाही, अशी हमी नातेवाइकानं किंवा मित्रानं दिली, तर सुटका होते. भरती लागली तर आपल्या नाशकात प्रादेशिक मनोरुग्णालय नाही. ठाणे नाहीतर येरवडा.

घोडं अडतं ते या हमीपाशी. माझ्या एका म्हाताऱ्या अशिलाला तीन मुलगे, पण सही करायला एकही येईना. शेवटी सिन्नरची पुतणी आली, तोवर ते नाशिकरोडच्या जेलमध्येच. आणि निर्दोष ठरले तरी, कृत्य त्यांनीच केलं असं निकालात आलं, तर याच सुरक्षा संहितेच्या कलम ३७४ खाली सुरक्षित ताबा, नाहीतर पुन्हा नातेवाइकाची हमी. रात्री दाराला कडी कोण लावणार, गोळ्या कोण देणार, हे तुमच्या नवऱ्यानं आणि दिरांनी आत्ताच ठरवावं. सून म्हणून एकट्या तुम्ही सही करू नका.

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० ला फोन करा. मनोरुग्णाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

पुढची तारीख कधीची आहे?