काळा कोट उतरवण्याआधी

सप्रेम आशीर्वाद.

वीज कंपनीच्या विधी विभागातली नोकरी घ्यावी की सीनिअरकडेच राहावं, असं तू विचारलं आहेस. पगाराबद्दल मी काही बोलत नाही, तो हिशेब तुझ्या घरी एव्हाना झाला असेल. त्याऐवजी शिकागोच्या जॉन रो यांच्याबद्दल लिहितो. ते मूळचे वकील. पुढे अठ्ठावीस वर्षं त्यांनी एकामागून एक वीज कंपन्या चालवल्या, मिळालेल्या पैशातून शाळा उभ्या केल्या, विद्यापीठांत अध्यासनं (देणगीतून चालणारी प्राध्यापकपदं) दिली. २०२२ मध्ये वारले.

विस्कॉन्सिनमधल्या डॉजव्हिलकडच्या शेतकरी घरातला हा मुलगा. मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात १९७० मध्ये कायद्याची पदवी घेतली आणि शिकागोच्या आयशम, लिंकन अँड बील या फर्ममध्ये लागला. (त्यातला लिंकन म्हणजे अब्राहम लिंकनचा मुलगा रॉबर्ट.) शिकागोला वीज पुरवणारी कॉमनवेल्थ एडिसन ही या फर्मची फार जुनी अशील. १९९८ मध्ये रो त्याच अशिलाच्या घरी प्रमुख म्हणून गेले. मधली वाट मात्र सोपी नव्हती. आधी दिवाळखोर मिलवॉकी रेल्वेचं काम, मग सरकारी पैशावर तगलेल्या कॉनरेल या रेल्वे कंपनीचा कायदा विभाग. संस्था कशा बुडतात हे त्यांनी कागदपत्रांतून, वकील म्हणून, आधी पाहिलं. १९८४ मध्ये, चाळिशीच्या आतच, ते मेन राज्यातल्या सेंट्रल मेन पॉवर या वीज कंपनीचे प्रमुख झाले. सीब्रुक अणुप्रकल्पातल्या गुंतवणुकीने ती कंपनी वाकली होती. त्यात तिच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने राज्याच्या वीज आयोगापुढे खोटं सांगितल्याचं उघडकीला आलं होतं.

आयोगापुढे उभं राहणं म्हणजे काय ते तू जाणतेस. दर तिथे ठरतो. ज्या कंपनीच्या आकड्यांवर आयोगाचा विश्वास उडाला, तिच्या खऱ्या खर्चालाही कात्री लागते. अशी कंपनी सावरायला वकील बोलावला गेला याचं मला नवल वाटत नाही.

पण वकिली आणि कारभार यांत एक मोठा फरक आहे. आपण दुसऱ्याच्या निर्णयाची बाजू मांडतो. निकाल विरुद्ध गेला तर वाईट वाटतं, पण संध्याकाळी पुढचं ब्रीफ उघडतो. १९९९ च्या उन्हाळ्यात शिकागोत उकाडा वाढला, वीज वारंवार गेली, ऑगस्टमध्ये तर लूप या भर व्यापारी भागात अंधार झाला. महापौर डेली भडकले होते. त्या दिवशी मी कंपनीचा वकील असतो तर सांगितलं असतं, काही कबूल करू नका, दावे येणार आहेत. रो यांनी उलट केलं. आपली यंत्रणा कमी पडली हे कंपनीने जाहीर मान्य केलं आणि उपकेंद्रं व केबलच्या दुरुस्तीवर पैसा ओतला. कायदेशीर सल्ला बरोबर असूनही बाजूला ठेवावा लागतो, असे प्रसंग तुझ्यावर येतील. ते तुला झेपेल का, हे आत्ताच तपासून बघ.

दुसरी गोष्ट अणुऊर्जेची. २००० मध्ये दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून एक्सेलॉन झाली, कॉमनवेल्थ एडिसन तिच्या छत्राखाली आली आणि रो तिचे प्रमुख झाले. अमेरिकेतल्या सर्वांत जास्त अणुभट्ट्या त्या काळी तिच्याकडे होत्या. तरी शेल वायूमुळे (खडकाच्या थरांतून काढलेल्या नैसर्गिक वायूमुळे) गॅस स्वस्त झाल्यावर रो उघडपणे सांगू लागले की नवीन अणुभट्टी बांधणं परवडत नाही. स्वतःच्या दुकानातल्या मालाबद्दल एवढं खरं बोलणारे थोडे. पण भाबडी होऊ नकोस. २००९ मध्ये हवामान धोरणाच्या मुद्द्यावर एक्सेलॉन यूएस चेंबर ऑफ कॉमर्स या उद्योजकांच्या संघटनेतून बाहेर पडली, त्याचं कौतुक झालं. कार्बनच्या उत्सर्जनाला किंमत लागली असती तर अणुवीजवाल्यांचाच फायदा होता, हेही तितकंच खरं. माझ्या मते तत्त्व आणि फायदा एका दिशेला असले म्हणून तत्त्व खोटं ठरत नाही. फक्त फायदा लपवू नये.

आता याच कंपनीची दुसरी बाजू. कॉमनवेल्थ एडिसनच्या पुढच्या काळातल्या एका प्रमुख, त्याही मूळच्या वकीलच, २०२३ मध्ये कट आणि खोट्या नोंदींच्या आरोपांवर दोषी ठरल्या. इलिनॉय विधानसभेच्या सभापतींच्या माणसांना कंत्राटांच्या आडून पैसे पोचवले जात होते. कंपनीने २०२० मध्येच २० कोटी डॉलर दंड मान्य केला होता. कागद नीट रचता येणं ही आपली कमाई, आणि घसरण्याची जागाही तीच. तुला कोणी 'हे जरा कायद्यात बसवून दे' म्हणालं, की कागद कशासाठी हवाय ते आधी विचार.

दानाबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगतो. रो आणि फ्रँक क्लार्क यांच्या नावाची रो-क्लार्क ही गणित-विज्ञान शाळा २००७ मध्ये शिकागोच्या पश्चिम भागात सुरू झाली, रो निवृत्त होण्याच्या पाच वर्षं आधी. क्लार्क १९६६ मध्ये कंपनीच्या टपाल विभागात लागले, पुढे कायदा शिकले आणि शेवटी कॉमनवेल्थ एडिसनचे प्रमुख झाले. मला यांची वाट रो यांच्याहून अवघड वाटते. शाळेवर टीकाही झाली. ज्या संस्थेची ती शाळा, ती बेशिस्तीबद्दल मुलांना दंड लावायची, तो पुढे बंद झाला. रो यांची हौस मात्र इतिहासाची. मॅडिसनला बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या) इतिहासाचं अध्यासन त्यांच्या देणगीतलं. कार्यालयात तर एक प्राचीन इजिप्शियन शवपेटी होती! २००६ मध्ये एक्सेलॉनच तुतानखामुन प्रदर्शनाची प्रायोजक असताना इजिप्तच्या पुरातत्त्वप्रमुखांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला, तेव्हा ती फील्ड म्युझियमला उसनी दिली गेली.

आता तुझं. पूर्णवेळ पगारी नोकरी घेतलीस तर बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलीची सनद स्थगित ठेवावी लागेल, ती प्रक्रिया समजून घे. कंपनीला विचार की वीज खरेदीच्या आणि देखभालीच्या बैठकांना तुला बसू देणार का. फक्त याचिका तपासायला हवी असशील तर ते काम तू आत्ताही करतेस, मग आणखी थोडी वर्षं उलटतपासणी शीक. बसू देणार असतील तर जा. आणि सीनिअरना तू स्वतः जाऊन सांग, त्यांना बार रूममधून कळता कामा नये.